नळासाठी आई पोलिसांशी बोलली तेव्हा

आई जाऊन तीन वर्षं झाली. पर्वत पाटिया भागातल्या या फ्लॅटमध्ये सगळं आहे, फक्त हक्कानं भांडणारं कुणी नाही.

पूर्वी आम्ही याच शहरातल्या पांडेसऱ्यात, कामगारवस्तीत राहायचो. वडील कापड रंगवायच्या कारखान्यात होते. मी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात गल्लीचा नळ महिनाभर कोरडा पडला. आई दहा-बारा बायकांना घेऊन हंड्यांसकट रस्त्यावर बसली. पाण्याचं कुणी विचारलंच नाही. पोलीस आले, नावं लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहू लागली. वडील म्हणाले, "आपण बाहेरगावचे. गप राहा."

आई सरळ गाडीपाशी गेली. मी मागून धावले. खुर्ची टाकून बसलेल्या साहेबाला तिनं आमच्या घरच्या अहिराणीत विचारलं, "भाऊ, आमनं पानी तुमनाजोडे शे का?"

मी ओशाळून हिंदीत सांगितलं. तो हसला. "मासी, पानी मेरे पास कहाँ से आएगा?"

"मंग तुम्ही आठे कसाले उभा शेतस?"

इथे कशाला उभे आहात, हे मला सांगावं लागलं नाही. त्याचं हसू विरलं.

दोन दिवसांनी तो स्वतः आईला आणि चार बायकांना पालिकेच्या झोन ऑफिसात घेऊन गेला. पाणी खात्याच्या इंजिनियरला गुजरातीत म्हणाला, "आ काम मारुं नथी, तमारुं छे." त्या संध्याकाळी गाडी हलली.

पाणी लगेच आलं नाही. पावसाळाभर आई त्या ऑफिसात जात राहिली. वाद घातले, चहा प्याली, नकाशात आमची गल्ली शोधायला शिकली. दिवाळीआधी नवी लाईन पडली. घरी परतताना तिचा चेहरा कसा फुललेला असायचा, तो मला आता फार आठवतो.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर गेटाबाहेरच्या भाजीवाल्यांबद्दल कुणीतरी लिहिलं, 'पोलिसांना बोलवा.' भराभर अंगठे पडले. आधी त्यांच्याशी बोलू, असं मी लिहिलं. मग चप्पल घालून खाली उतरले.

"क्या दूँ, दीदी?" भाजीवालीनं विचारलं.

सुरुवात कशी करावी, सुचेना. आईला विचारावंसं वाटलं. मेथीची जुडी घेतली, भाजीवालीच्या शेजारी कट्ट्यावर बसले आणि म्हटलं, "गेट के सामने गाड़ी अटकती है. थोड़ा बात करें?"

तिनं पोतं बाजूला सरकवून मला नीट जागा करून दिली.