उजव्या मागच्या चाकाचा ठोका

ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं त्या वर्षी आमच्याकडे एक जुनी जीप होती. हे कापसाने भरलेल्या गाडीवरून पडले होते. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. राणीसावरगावहून परभणीला ठरलेल्या तारखांना जावंच लागणार होतं. दाखवायला चुकलात तर पाय वाकडा जुळेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, एसटी कधी बंद राहील याचा नेम नव्हता. आणि तसंही, गादीवर आडवं झोपवून न्यायचं तर जीपच.

पहिल्या खेपेहून परतल्यावर हे म्हणाले, "पुन्हा मी न्हाई यायचा."

कारण आवाज. चाक खड्ड्यात गेलं की मागून ठक्क असा ठोका बसायचा, पत्र्यातून थेट गादीत. "हाडावरच हानल्यासारखं होतंय. ऱ्हाऊ द्या पाय वाकडा."

मी त्यांची समजूत घातली नाही. त्या दिवसांत मला काही वाटायचंच बंद झालं होतं. भीती नाही, कीव नाही. सकाळी उठलं की कामं दिसायची आणि मी ती एकामागून एक उरकायची. आवाज घालवणं हे त्यातलंच एक.

गंगाखेडच्या मिस्त्रीनं आधी मागच्या स्प्रिंगचे पाटे कसून दिले, मग एक तुटका पाटा बदलला. आवाज तसाच. "भाभी, जुनी गाडी हाय, बोलनारच," म्हणाला.

मग मीच बसले. दीर गाडी चालवत होते, मी मागे गादीच्या जागी, पत्र्यावर तळहात टेकून. ब्रेक मारायला लावला, आवाज नाही. वळवायला लावली, नाही. मोकळ्या रस्त्याला वेगात नेली, तरी नाही. हळू जाताना एकच चाक खड्ड्यात उतरलं की ठोका, तोही उजवीकडून. अंगणात आल्यावर पदर खोचला आणि गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. दिरांना मागच्या बंपरवर उभं राहून उड्या मारायला सांगितल्या.

"वहिनी, आता मोंढ्यात ग्यारेजच टाका," ते वरून हसले. "पाटी मी रंगवून देतो."

"उड्या मारा, भावजी."

एकेका भागावर हात ठेवत गेले. पाटा गप्प होता. शॉकअपच्या खालच्या टोकाला हात लावला आणि ठोका तळहातात बसला. तिथं लोखंडी कडीत रबर असतं, त्यातून बोल्ट जातो. ते रबर फुगून मऊ पडलं होतं. नखानं खरवडलं तर काळा लगदा निघाला. कडी बोल्टवर आदळत होती. सगळं तेलानं माखलेलं.

तेल कुठून आलं हे कुणाला विचारायची गरज नव्हती. मामा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. गाडी जुंपायच्या आधी आसाला वंगण घालायचं, हा त्यांचा शिरस्ता. जीप आली तेव्हा बैलगाडीचा वंगणाचा नळा त्यांनी जीपला टांगला. कुठंही निघायचं असलं की आदल्या संध्याकाळी वाकून सगळ्या सांध्यांना जळकं ऑइल पाजायचे. ह्यांचा मोडका पाय उजवीकडे असायचा, म्हणून आता उजवीकडे जास्तच.

मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना नवी रबरं घातली. "रबराला तेल कोन पाजतं, भाभी? सडतं ना त्याच्यानं."

दीर म्हणाले, म्हाताऱ्याला सांगू नका, लागंल त्याला. पण न सांगून चालणार नव्हतं; निघायच्या आधी त्यांनी पुन्हा नळा घेतला असता.

"मामा, पाट्यांना लावा तेल. रबराला नाही लावायचं. सडतं."

ते नळ्याचं तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी त्याला मीच हानत व्हतो का?"

गादी उन्हात टाकायची राहिली होती, ती मी टाकली.

ह्यांचा विश्वास बसेना. खाटेवरूनच म्हणाले, "दाराम्होरून न्या बरं." आमच्या दारासमोर पाणी जायला आडवा चर होता. दिरांनी गाडी त्यावरून नेली, परत आणली. हे डोळे मिटून ऐकत होते. "अजून एकदा." मामा ओट्यावर उभे होते, ह्यांच्या तोंडाकडे बघत. गाडी पुन्हा गेली. नुसती इंजिनाची घरघर.

"घाला मला गाडीत," हे म्हणाले.

गंगाखेडपर्यंत त्यांनी जीपची कांब घट्ट धरून ठेवली होती. खड्डा दिसला की दात आवळायचे, खड्डा मागे पडायचा, काही व्हायचं नाही. गोदावरीचा पूल ओलांडल्यावर बोटं सैल झाली आणि पुढे कुठंतरी त्यांना झोप लागली. मला बरं वाटायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या कलंडू नये म्हणून धरून बसले होते.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाड सरळ धरतंय, म्हणाले. नवं प्लास्टर घातलं आणि पुढची तारीख माझ्याकडे बघत सांगू लागले.

"तिला न्हाई," हे टेबलावरून म्हणाले, "मला सांगा."