होणाऱ्या जावयाची चौकशी

बापूराव रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. दूधवाला असो की सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांकडे ते विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसे बघत. लेक राजश्री धम्मपालला घरी घेऊन आली तेव्हा तर त्यांना आयतंच सावज मिळालं.

"डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे नक्की करता काय?"

"हॉस्पिटलमधल्या पेशंटची सगळी माहिती सांभाळतो, काका. कोणाला काय दिसावं ते ठरवून देतो. रोज बॅकअप घेतो, आणि त्याच्यावर भरवसा नको म्हणून तो परत उघडूनही बघतो."

हे शेवटचं बापूरावांना मनापासून आवडलं, पण तसं तोंडावर दाखवतील तर ते बापूराव कसले! त्यांनी शिक्षण विचारलं. नांदेडला बीएस्सी कॉम्प्युटर, मग डेटाबेसची सर्टिफिकेट परीक्षा, मग काही वर्षं एका सीनियरच्या हाताखाली. सगळं जागच्या जागी होतं. मग हॉस्पिटलचं नाव निघालं आणि बापूरावांचा चहा बशीत सांडला.

भाईंदर पूर्वेच्या त्याच हॉस्पिटलात ते गुपचूप जात होते. गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, रिपोर्ट कॅन्सरचा आला होता. राजश्रीचं लग्न होईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नव्हतं. आईवेगळी पोर, कळलं तर लग्न बाजूला ठेवून बापाच्या उशाशी बसेल.

"म्हणजे तुम्हाला कोणाचंही काहीही दिसतं."

"दिसू शकतं. मी बघत नाही. बघितलं तर माझ्या नावाने नोंद राहते."

आणि नोंदी कोण सांभाळतो? हाच. कुंपणच शेत खातं हे बापूरावांनी नोकरीत पुरेपूर पाहिलं होतं. पुढच्या वेळी तपासणीला गेले तेव्हा त्यांनी काउंटरवर धम्मपालची चौकशी केली. तिथल्या बाईला ते नावच ठाऊक नव्हतं. "सिस्टम बंद पडा तो नीचे से कोई आता है, अंकल," ती म्हणाली. म्हणजे हा खाली बसून, कोणाच्या नजरेत न येता सगळ्यांचं बघतो! संशय आणखी बळावला. त्यात धम्मपालने एकदा फोनवर "काका, तब्येत बरी ना?" असं विचारलं, आणि त्यांची खात्रीच पटली. याने रिपोर्ट वाचलाय. आज ना उद्या हा राजश्रीला सांगणार. त्या दिवसापासून ते "हे स्थळ नको" म्हणू लागले.

एका संध्याकाळी राजश्री कामावरून आली ती तणतणतच.

"पप्पा, तुमचंच खरं. नको मला तो."

"का? काय केलं त्याने?"

"काही केलं नाही, तेच तर. तुम्हाला घास गिळवत नाही, मला काय दिसत नाही? समोरच्या मनोरमामावशींनी तुम्हाला हॉस्पिटलात बघितलं. मी धम्मपालला म्हटलं, एकदा बघून सांग पप्पांना काय झालंय. आठवडाभर मागे लागले. म्हणतो, काकांनाच विचार. लग्न मोडते म्हटलं, तर म्हणाला, तुझी मर्जी, पण मी उघडणार नाही."

बापूरावांना स्वतःची लाज वाटली. इतके दिवस त्या पोराला चोर ठरवून ते मोकळे झाले होते, आणि तो मात्र त्यांचं गुपित सांभाळायला स्वतःचं लग्न पणाला लावून बसला होता.

"लग्न मोडू नकोस," ते म्हणाले. "बस इथे. त्याचं बरोबर आहे, मला विचार."

राजश्री बसली, पण तिने विचारलंच नाही. शेवटी बापूरावांनाच बोलायला सुरुवात करावी लागली.