खालच्या घंटीचं बटण

गांधीबागेतल्या आमच्या घरात इंटरकॉम आला तो सासूबाईंसाठी. खाली कापडाचं ठोक दुकान, बरोबर त्याच्या डोक्यावर सासूबाईंची खोली, आणि स्वयंपाकघर पार मागे, आंगणाच्या पलीकडे. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना हाक मारता येईना, आणि मी नवी सून, काही हवं-नको विचारायला दर घडीला वर धावून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

बर्डीवरचा मेकॅनिक तीन फोन घेऊन आला. एक दुकानात, एक स्वयंपाकघरात, एक सासूबाईंच्या उशाशी. तार ओढायच्या आधी त्यानं मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारलं, "सेठजी, कुठलं बटण दाबलं का कुठं घंटी वाजवायची, ते सांगून द्या. मी तसं जोडतो."

"दोन्हीकडून स्वयंपाकघरात," मामाजी म्हणाले.

सासूबाईंनी डावा हात उचलला आणि बोट जमिनीकडे केलं. खाली. दुकानाकडे. पुन्हा पुन्हा केलं. मेकॅनिकला कळलं, मला कळलं, मामाजींनाही कळलं. चार लोकांत बायकोशी थेट बोलायचं नाही ही त्या घरची रीत, म्हणून ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तिले सांग, खाली गिऱ्हाईक राहते. दुकानाच्या गादीवर बायकोचा फोन आला त लोक हासतीन."

सांग काय सांग! कान काही गेले नव्हते त्यांचे. मला असा राग आला होता, पण नव्या सुनेच्या रागाला विचारतो कोण. तार स्वयंपाकघराकडे गेली.

त्या उन्हाळ्यात कन्हानला नात्यातलं लग्न निघालं. आम्ही सगळे गेलो, मामाजी तेवढे दुकानासाठी थांबले. सासूबाईंजवळ स्वयंपाकाची बाई होती, ती दुपारी दळण घेऊन चक्कीवर गेली. मागच्या घरच्या काकू नंतर म्हणाल्या, "घंटी वाजून राहिली होती वं. थांबे, पुन्हा वाजे. मले वाटलं, कोणी तरी उचलन." बाई परत आली तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या आणि फोन पलंगावरून खाली लोंबत होता. मामाजी त्याच वेळी त्यांच्या खोलीच्या अगदी खाली बसून व्यापाऱ्यांना लट्ठ्याचे तागे दाखवत होते.

त्या गेल्या त्या जागी पीठ पसरून दिवा लावला, वर टोपलं झाकलं. पिठावर काही उमटलं तर जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी टोपलं काढलं, तर पीठ जसंच्या तसं. "अटकून आहे जीव," एक चुलत आत्या बोलून गेली. दारात मामाजी उभे होते.

तेरवी झाली आणि त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. "वरचं बटण दाबलं का दुकानात घंटी वाजली पाहिजे."

"आता काहून सेठजी? वर त कोणी राहत नाही."

"तू जोडून दे."

तेव्हापासून मला त्या घराची भीती वाटायला लागली. स्वयंपाकघरात भांडं जरी पडलं तरी घंटीच वाजली असं वाटून मी उठायची. आणि मामाजी तर फोन गुडघ्याशी घेऊनच बसायचे, कोणाला हात लावू देत नसत. गल्लीत सायकलची घंटी वाजली तरी त्यांचा हात फोनवर. जेवण अर्ध्या पोळीवर आलं. माझे यजमान म्हणाले, "बाबांचं डोकं फिरलं." फिरलं नव्हतं. बायकोचा तो एक फोन यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

एका दुपारी मी सासूबाईंची खोली पुसायला गेले. एकटी पहिल्यांदाच. फोनवर बोटभर धूळ. उचलून पुसताना फडक्याखाली बटण दाबलं गेलं, आणि पायाखाली, दुकानात, घंटी वाजली. मी फोन कानाला लावला.

"बोल वं."

मामाजींचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मागे व्यापाऱ्यांची बोलणी चालू होती, ती थांबली. मी आहे मामाजी, चुकून दाबलं, एवढंच म्हणायचं होतं. जीभच उचलेना. आणि त्यांना ते गप्प राहणं ओळखीचं वाटलं असणार, कारण शेवटी शेवटी सासूबाईही अशाच होत्या.

"नको बोलू. मी ऐकून राहिलो," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी खालीच होतो वं. खालीच होतो." भरल्या दुकानात, सगळ्यांसमोर. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. खाली त्यांनी ठेवला तेव्हा मी ठेवला.

रात्री जेवताना म्हणाले, "सूनबाई, मेकॅनिकले निरोप दे. तो फोन काढून टाकू."

"काहून मामाजी?"

"येऊन गेला तिचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कितीतरी दिवसांनी दुसरी पोळी मागितली. मी वाढली, आणि तोंड उघडलं नाही.