कमरेवरची शेंडी

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि लिहायला विषय मिळाला तो स्वतःच्या पाठीचा.

माझ्या कमरेवर, कण्याच्या मधोमध, जन्मापासून केसांचा झुबका होता. फुईने, म्हणजे वडिलांच्या बहिणीने, मी पाळण्यात असतानाच निकाल देऊन टाकला, "हाऊ मारोतीना पोऱ्या शे." तेव्हापासून दर शनिवारी झुबक्याला तेल. गल्लीतल्या बाया दर्शनाला यायच्या आणि मी सदरा वर करून उभा. देव होणं फार लाजिरवाणं काम आहे.

दुसऱ्या वर्षाला असताना लोणखेड्याला कॉलेजच्या फाटकात मित्र ओरडला, "भो, तुन्ही चप्पल मांगे पडनी!" डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागे पडली होती, आणि मला पत्ताच नाही. पुढे तो पाय बारीक होत गेला, घोटा मुरगळायला लागला.

मोठ्या शहरातल्या सर्जननी एमआरआय पाहिला. मणक्यात हाडाचा एक खुंटा होता. त्याने मज्जारज्जू दुभागला होता, आणि मी वाढलो तसा तो तिथेच अडकून ताणला गेला. असं फार थोड्यांना होतं, म्हणाले. मग त्यांनी पाठ पाहिली.

"ही तर याचीच खूण. लहानपणी कुणाला दिसली नाही?"

"सर, सगळ्या गावाला दिसली."

ऑपरेशन नाही केलं तर पाय जाणार. केलं तरी वाचेलच असं नाही. फुईची अट एकच, "काढा, पन फेकू नका." वॉर्डबॉयने वस्तरा फिरवला, तिने केस रुमालात बांधून घेतले.

तो म्हणाला, "मावशी, लोक मुतखडे मागून नेतात. केस पहिल्यांदाच."

ऑपरेशननंतर लघवीची नळी लावून मी पालथा पडलेलो. मारोतीचा एवढा अपमान लंकेतही झाला नसेल. घरी आल्यावर फुई रोज तळव्याला गुदगुल्या करून विचारायची, "लागस का?" काहीच जाणवायचं नाही, आणि मी खोटं बोलू शकलो नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. चार दिवसांनी सर्जनचा फोन आला. "रज्जू मोकळा झालाय. पाय आहे तेवढा टिकेल. गेलेली ताकद परत येईल, असं वचन देत नाही."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घरच्या भाषेत एवढंच सांगितलं, "पाय ऱ्हाई."