झोपलेला आठ

सकाळी चहाचं आधण ठेवलं की माझी नजर आपसूक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जाते. प्रताप नगरातल्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतीसमोर एक प्लॉट रिकामा पडून आहे. कुणीतरी कधीतरी घर बांधायचं म्हणून तिथे खडी आणून टाकली, मग बेत बदलला असावा. त्या खडीत यंदाही टिटवी बसली आहे. ऊन अजून समोरच्या गच्च्यांवरच आहे, पण तिने आतापासूनच चोच किंचित उघडी ठेवली आहे. कुणी जवळून गेलं की उठते, सगळी कॉलनी डोक्यावर घेते आणि पुन्हा त्याच चार दगडांपाशी येऊन बसते. त्यातले दगड किती आणि अंडी किती, हे मला चष्मा लावूनही सांगता येत नाही. गेल्या वर्षी याच खडीतल्या टिटवीमुळे आमच्या घरात एक अक्षर परत आलं, त्याची आठवण तिला पाहिलं की हमखास होते.

जयपूरची मुलं मोराला सरावलेली असतात. पाण्याच्या टाकीवर मोर येऊन केकाटू लागला तर आमची लेक कानात बोटं घालून गृहपाठ करते. माकडं आली तर वाळत घातलेले कपडे आत घेते, तेही सांगितल्यावर. नवऱ्याची रेल्वेतली बदली इकडे झाली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि गेल्या उन्हाळ्यात नऊ वर्षांची. प्राण्यापक्ष्यांचं तिला काही नाही अशी माझी खात्रीच झाली होती. पण या टिटवीने तिला पकडलं. बिनघरट्याचा, दगडांवर बसून राहणारा, कुत्र्याच्याही अंगावर धावून जाणारा हा पक्षी तिला भारी वाटला. तिने विचारलं, मला माहीत होतं ते मी सांगितलं, आणि ते दोन मिनिटांत संपलं. मग ती म्हणाली, "आई, हे सब तुला कुणी सांगितलं?"

आबांनी, असं मी म्हटलं. आबा म्हणजे माझे वडील. माणदेशातल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत, आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन माळावर जात. माळावर बघण्यासारखं काय असतं, असं लोक त्यांना विचारत. आबा कोल्ह्याच्या विष्ठेशी उकिडवे बसून काडीने बोरांच्या बिया मोजत, आणि मी लाजून कुणी पाहत तर नाही ना हे बघत उभी राहत असे. घरी आल्यावर ते सगळं एका लांबट, कापडी पाठीच्या वहीत उतरायचं. शेजारी पेन्सिलीचं छोटं चित्र. जे कळलं नसेल त्यापुढे एकच शेरा असे: 'पुन्हा बघणे.' जवळजवळ प्रत्येक पानावर तो आहे. आई चेष्टेने म्हणायची, यांना बाजारात पाठवलं तर मेथीपुढेही 'पुन्हा बघणे' लिहून पिशवी रिकामी आणतील.

नातीशी त्यांचं बोलणं व्हायचं ते फोनवर आणि दिवाळीच्या सुट्टीत. ती त्यांना हिंदीत उत्तरं द्यायची. तिच्या शाळेत ळ नाही, त्यामुळे तिच्या तोंडातही तो नव्हता. "हळू म्हण बघू," आबा म्हणायचे. "हलू," ती म्हणायची. "अगं, हलू नको, हळू!" मग दोघं हसत सुटायची आणि मी मात्र मनात चिडायचे, तिच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. आबा म्हणायचे, "राहू दे गं, जीभ वळेल हळूहळू." त्या उन्हाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. भावाने वही माझ्याकडे दिली, कारण मीच ती मागितली. निम्मी वही कोरी होती. ती कोरी पानं मला उघडवत नसत. माझ्यामागे ही वही हातात घेईल त्या माणसाला त्यातली चित्रंच तेवढी कळतील, या विचाराने मला कितीदा तरी रडू आलं आहे.

तर ती वही मी तिच्या हातात दिली. टिटवीचं पान तिने चित्रावरून स्वतःच शोधलं आणि ओट्याशी उभं राहून वाचायला लागली. पहिल्याच ओळीत अडखळली. "आई, हा लेटा हुआ आठ काय आहे?" आबांचा ळ खरंच तसा होता, आडवा, ऐसपैस, पाय पसरून झोपलेला आठ. त्या क्षणी कुकरची तिसरी शिट्टी होत होती, फोडणी करपायला आली होती, आणि मी, आबांची मुलगी, म्हणाले, "ल म्हण, चालेल." चालेल म्हणताना मला काहीच वाटलं नाही.

ती पुढे वाचत गेली. "टिटवी मालावर अंडी घालते." इथे तिने मान डोलावली. 'ऊन वाढलं की पाण्यावर जाऊन पोट भिजवून येते, असं एक धनगर सांगतो. खरं की खोटं? पुन्हा बघणे.' या वाक्यातल्या उन्हाची तिने हिंदीतली ऊन, म्हणजे लोकर केली, ते मात्र मी लगेच सुधारलं. माझं लक्ष तिकडे गेलं आणि मालाकडे गेलंच नाही.

रात्री जेवताना तिने वडिलांना विचारलं, "पप्पा, तुमच्या मालगाडीवर टिटवी अंडे देते का?" तिचे वडील मालगाड्यांच्याच विभागात आहेत. मला आधी कळेना, मग उलगडा झाला आणि ठसकाच लागला. 'अंडे देते' नाही, 'अंडी घालते', एवढं तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच नवरा गंभीरपणे म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"आबांनी लिहिलंय."

"मग बघायला पाहिजे." हा माणूस कुठल्याही चौकशीचं उत्तर चौकशी करूनच देतो. तीन दिवसांनी तो संध्याकाळी आला तो फोन पुढे करतच. मालधक्क्याच्या कडेला, दोन रुळांमधल्या खडीत टिटवी बसली होती. बाजूच्या रुळावरून मालगाडी गेली तरी ती उठली नाही म्हणे, फक्त मान खाली घातली. लेकीने तो फोटो सगळ्या इमारतीत फिरवला. आबांनी बरोबर लिहिलंय, हे ती ज्या विश्वासाने सांगत होती, त्यापुढे मला आपली चूक कबूल करायचा धीर होईना. तिने त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच मनावर घेतलं होतं, आणि घेतलं होतं ते मी बिघडवलेलं.

ती चूक सुधारली खालच्या मजल्यावरच्या माँजींनी, आणि त्यांना याचा पत्ताही नाही. माँजी इथली, जयपूरकडची ढूंढाडी बोली बोलतात. टिटवीला त्या टीटोड़ी म्हणतात, आणि तिच्या अंड्यांची किती टोकं खाली आहेत त्यावरून पाऊस किती महिने पडेल ते सांगतात. दुपारी जिन्याच्या सावलीत बसून त्या अंड्यांवर लक्ष ठेवायच्या. लेकही सुट्टीत तिथेच असायची. एका दुपारी खालून त्यांची आरोळी आली, "छोरी, देख, काळो कागलो आग्यो!" काठी आपटल्याचा आवाज, टिटवीचा आकांत, आणि मग दुसरी आरोळी लेकीची, तिच्या कोवळ्या आवाजात, "काळो कागलो! काळो कागलो!"

मी हातातलं लाटणं तसंच ठेवून गॅलरीत आले. सहा वर्षं मी ज्या अक्षरासाठी कधी लाडीगोडी लावली, कधी रागावले, ते खाली एका कावळ्यामागे मोकळं धावत होतं. जिथे माझं अक्षर हरवलं असं मी सगळ्यांना सांगत होते, तिथे ते माँजींच्या तोंडात आधीपासूनच होतं. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

ती वर आल्यावर मी तिला वहीतला आठ दाखवला. म्हटलं, "हा बघ. माँजींच्या काळोतला." तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं, अगदी सावकाश. "टिटवी माळावर..." आणि थांबली. "माळ काय आहे?"

माळ काय असतो ते नीट सांगायला मला हिंदीत शब्द सापडेना. मैदान म्हणावं तर ते कुणीतरी सपाट केलेलं असतं. मी सांगत गेले: दगड, कुसळं, लांबवर एखादी बाभळ, वारा, आणि पुढे चालणारे आबा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मतलब, मालगाडीचं आबांनी लिहिलंच नव्हतं?"

"नव्हतं. ती माझी चूक."

"मग आबांना ते माहीतच नव्हतं?"

 आबांना माहीत नसलेलं काहीतरी आता आमच्या घरात होतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. तिने पेन्सिल शोधली, वही उलटत कोऱ्या पानाशी आली, आणि मी अडवायच्या आत लिहूनही मोकळी झाली. 'टिटवी माळावर अंडी घालते. मालावर पन घालते. पप्पाने पाहिली.' 'पन' मी तसाच राहू दिला. तिचा ळ दोन ओळी व्यापून झोपला आहे. खाली तिने मला न विचारता लिहिलं, 'पुन्हा बघणे.'

गेल्या वर्षीची पिल्लं एका सकाळी उठून खडीच्या रंगात मिसळून गेली, आम्हाला दोनच दिसली. यंदा टिटवी पुन्हा आली आहे, ती तीच की दुसरी, हे मला माहीत नाही. आज चहा उतू जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. ऊन खडीवर आलं तशी ती उठली, माँजींच्या कूलरखाली साठलेल्या पाण्यापर्यंत तुरुतुरु चालत गेली आणि त्यात चक्क बसली. परतली तेव्हा तिचं पोट काळपट, ओलं दिसत होतं. किती वर्षांपूर्वी कुठल्या धनगराने आबांना सांगितलेलं, आबांनी अर्धवट सोडलेलं ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोर पुरं होत होतं, आणि ते ऐकायला आबा नव्हते. मला राहवलं नाही. मी जोरात हाक मारली, "अगं, लवकर ये, बघ!"

लेक केव्हाचीच माझ्या मागे उभी होती, वही छातीशी धरून.

"हळू, आई," ती म्हणाली. "हळू बोल. उडेल ती."