फाटकाजवळची केबिन

लग्नकार्यात कुणी विचारलं की वहिनी, तुम्ही काय करता, तर माझ्याआधी आमचे यजमानच सांगून टाकतात, "ती संडास भाड्याने देते." समोरच्या बाईचा घास हातातच राहतो. यजमानांना यात भारी मजा वाटते. गारखेड्यात आमच्या घरामागे निळ्या प्लास्टिकच्या फिरत्या केबिना ओळीने उभ्या असतात. शेजारणी त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात आणि मुलीच्या हळदीला त्याच हक्काने मागून नेतात. मी देते, पण एकदा ऐकवल्याशिवाय देत नाही.

मांडवात केबिन देण्यापेक्षा बांधकामावर द्यायला मला आवडायचं. मांडवातली माणसं घरी जाऊ शकतात, बांधकामावरच्या बाईला घरच नसतं. आपल्या हातून कुणाची तरी सोय होते, असं मला मनापासून वाटायचं. पैठण रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडे एक इमारत उभी राहत होती, तिथे ते वाटणं संपलं.

बिल्डर तिथल्याच शेतकरी घरातला. स्वतःच्या वावरात इमारत बांधत होता. गोड बोलणारा, मजुरांना दिवाळीला कपडे करणारा माणूस. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. केबिन कुठे ठेवायची हे मी स्वतः जागेवर जाऊन ठरवते, कारण जागा चुकली की केबिन नुसतं खोकं होतं. त्या साईटवर जागा आयती होती. मागच्या एका कोपऱ्यात दोन बाजूंनी भिंत, पुढे वाळूचा ढीग, वर कडुनिंब. कुणाच्या नजरेत येणार नाही अशी. आमच्या ड्रायव्हरने टेम्पो मागे घ्यायला सुरुवात केली, तसे भाऊ लगबगीने आले.

"ताई, तिथं नको. ती ईशान्य हाय."

"भाऊ, ही काय इमारतीचा भाग आहे का? काम संपलं की उचलून नेणार मी."

"वास्तूला ते कळत नाय ताई. ईशान्येला संडास म्हणजे सगळ्या इमारतीला दोष. गिऱ्हाईक पयलं तेच विचारतंय."

ते चेष्टा करत नव्हते. ईशान्येला पाणी शुभ म्हणून पिण्याच्या पाण्याची टाकी त्यांनी तिथे ठेवली, बाकी जागा सळया-विटांनी अडलेली, म्हणून केबिन आली फाटकाजवळ. फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी, तिच्या बाकड्यांवर दिवसभर गवंडी, सेंट्रिंगवाले, ट्रकवाले बसलेले. केबिनचं दार उघडायचं ते थेट त्यांच्या तोंडावर. मागे भिंत इतकी जवळ होती की दार तिकडे फिरवलं तर उघडलंच नसतं. सुपरवायझरने सरकारी तपासणीत दाखवायला केबिनशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो खुशीत निघून गेला.

पहिल्या आठवड्यानंतर टँकर घेऊन गेलेला आमचा ड्रायव्हर रिकामाच परतला. "उपसायला कायच नाय ताई. नव्या सीटवरचं प्लास्टिक बी कुणी काढलं नाय," तो म्हणाला. त्याचं काम वाचलं होतं. मी दुसऱ्या दिवशी स्वतः गेले.

ऊन असं होतं की सळईला हात लागला तर चटका बसत होता. टाकीपाशी एक बाई उभी होती. जालन्याकडून नवऱ्याबरोबर विटा वाहायच्या कामावर आलेली. तिने ग्लास भरला, तोंडात पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली आणि सगळं थुंकून टाकलं. पुन्हा एक चूळ भरली, ती पण थुंकली. एक घोट गिळला नाही. मला वाटलं पाणी खराब आहे. मी पिऊन पाहिलं, तर गार आणि गोड होतं.

"अगं, पीत का नाहीस?"

"पेलं की जावं लागतंय ताई," ती म्हणाली.

"मग ती केबिन कशाला ठेवलीय?"

ती तोंडावर हात ठेवून हसली. "ती फोटूसाठी हाय. त्या टपरीम्होरं दार उघडून कोण जाईल? आत गेलं की समदे मोजत बसत्यात, कव्हा भाईर येती. गडी मागच्या पडीक वावरात जात्यात, म्हणून दिवसा तिकडं बी जाता येत नाय. आमी फटफटायच्या आधी जातो, मंग अंधार पडल्यावर."

बोलताना तिचा हात पोटावर गेला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, तशी लाजली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, गावात सासूने बोलून बोलून जीव नकोसा केला होता आणि आता पहिल्यांदाच दिवस गेले होते. पाचवा महिना लागला होता. मी तिला सांगितलं की पाणी पी, नाहीतर बाळाला त्रास होईल. तिने समजूतदारपणे मान हलवली. माझ्या त्या शहाणपणाचा मला आजही राग येतो, कारण पाण्याचं महत्त्व तिला माहीत होतं. नुसतं माहीत असून तिने जायचं कुठे?

मी बांबू आणि बांधकामावरची हिरवी जाळी आणून केबिनपुढे आडोसा करून दिला. बायका घमेली खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत जाळी निघाली. सॅम्पल फ्लॅट बघायला लोक येतात, फाटकातच जाळी बरी दिसत नाही, असं सुपरवायझरचं म्हणणं पडलं.

मग मी भाऊंशी कडाडून भांडले. माझा आवाज टपरीपर्यंत गेला असणार. ती पोटुशी आहे, तिच्यासाठी तरी केबिन मागे हलवा, म्हटलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं खोटं नाय. तिला हलकं काम देतो. फळं देतो. काय झालं तर माझी गाडी हाय दवाखान्यात न्यायला. पण ईशान्य नका मागू."

केबिन उचलून नेते, अशी धमकी माझ्या ओठावर आली होती. पण उचलून नेली असती तरी त्या बाईचं काय बदललं असतं? मी तशीच घरी आले आणि यजमानांवर उगाच चिडले.

भाऊंनी शब्द पाळला. तिला ताप भरला, कळा सुरू झाल्या, तेव्हा त्यांचीच गाडी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मला फोनही त्यांनीच केला. मी पोचेपर्यंत पोटातलं बाळ गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीचा संसर्ग फार वाढला होता, पाणी पोटात जात नव्हतं का? नवरा खाली मान घालून उभा होता. त्याच्या जागी मी उत्तर द्यायला हवं होतं, पण ईशान्य दिशेचं त्यांना काय सांगणार?

ती जागी होती. मला बघून तिने पाणी मागितलं. मी तांब्यातून ग्लास भरून दिला. तो तिने एका दमात संपवला. दुसरा संपवला. तिसरा हातात धरून ती मला म्हणाली,

"हितं बायांचा संडास बाजूलाच हाय ताई. आतून कडी बी लागती."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. ती पुढे गावी परत गेली असं ऐकलं. सासूने तिला काय म्हटलं असेल, हे मला ऐकावंसं वाटलं नाही.

इमारत पुरी झाल्यावर मी केबिन आणायला गेले. कडुनिंबाखाली आता तुळशीवृंदावन होतं आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीला नवी तोटी बसवली होती. प्रत्येक घराला दोन संडास, एक देशी, एक कमोडचा, भाऊ मला फिरून दाखवत होते. मग केबिनवर हात फिरवून म्हणाले, "बघा ताई, जशी दिली तशी परत. आपल्या माणसांनी एक डाग पडू दिला नाय." माझं कौतुक होईल, या अपेक्षेने ते माझ्याकडे बघत होते.

मी ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरने केबिन टेम्पोत चढवायच्या आधी दार उघडून पाहिलं. सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं.