मॅचिंग सेंटर बंद आहे

दुकान बंद करायच्या आदल्या आठवड्यात मी फळ्या रिकाम्या करत होते आणि प्रत्येक तागा खाली उतरवताना वाटत होतं, अजून वेळ गेलेली नाही, हा परत वर ठेवून द्यावा. एक डाळिंबी तागा तर मी खरंच परत ठेवला. चांगली पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग स्वतःवरच चिडले आणि तो पुन्हा खाली काढला.

नेरूळला आमच्या सेक्टरच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, परकराचं कापड आणि साडीचे फॉल, बाकी काही नाही. मी ते सुरू केलं तेव्हा समोरच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत कुणी राहायला आलं नव्हतं आणि बायकांना एका ब्लाउजपीससाठी दादर गाठावं लागायचं. दहा वर्षांत इमारती भरल्या, रिक्षास्टँड झाला, आणि माझं दुकान बायकांच्या रोजच्या वाटेवरचं ठिकाण झालं. काही घ्यायचं नसलं तरी त्या दोन मिनिटं टेकायच्या. सासूच्या तक्रारी, पोरांचे मार्क, सोसायटीच्या मीटिंगमधली भांडणं, सगळं त्या आठ बाय दहाच्या खोलीत यायचं आणि मी ते फार चवीने ऐकायची.

कामात मी पक्की होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाईने साडी काउंटरवर टाकली की एक नजर टाकायची आणि मागच्या फळीवरून तागा ओढायचा. बहुतेक वेळा तोच रंग निघायचा. मग मी गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर पायरीवर आणायची, कारण ट्यूबलाइटखाली रंग हमखास फसवतात. ‘उजेडात बघा’ हे माझं वाक्य बायकांना इतकं पाठ झालं होतं की काही जणी माझ्यासमोरच माझी नक्कल करायच्या.

चित्रांचं वेड त्याच दुकानात लागलं. कापडाच्या ताग्याच्या आत पुठ्ठा असतो. तागा संपला की तो उरतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्या पुठ्ठ्यांवर काळ्या पेनाने बायका काढायची. घासाघीस करणाऱ्या, साडी नाकाला लावून वास घेणाऱ्या, नणंदेशी न बोलता शेजारी बसलेल्या. काढून झालं की काउंटरखाली लपवायची. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी फॉल शोधता शोधता तो गठ्ठाच बाहेर काढला. त्या वाशीला मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका लहानशा प्रकाशनात संपादक होत्या. आल्या होत्या मोतिया साडीला अस्तर घ्यायला आणि गेल्या माझे चार पुठ्ठे पिशवीत घालून.

पुढची दोन वर्षं मी काउंटरवर बसूनच त्यांच्या पुस्तकांसाठी काळी-पांढरी चित्रं काढली. मग एका दुपारी त्या मुद्दाम दुकानात आल्या. सहा पुस्तकांचा संच करायचा होता. एकच मुलगी सहाही पुस्तकांत, आणि सगळी चित्रं रंगीत. “हे काउंटरवर बसून व्हायचं नाही,” त्या म्हणाल्या. “वर्षभराचं काम आहे. दुकान किंवा हे, काय ते एक ठरवा.”

नेमका त्याच वेळी गाळ्याचा करार संपत होता आणि मालकाला तिथे एसटीडी फोनचा बूथ आणायचा होता. मी बाईंना हो म्हटलं. त्या रिक्षात बसून गेल्या आणि मी आधीच मोजलेले फॉल पुन्हा मोजायला घेतले.

घरी मी ह्यांना सांगितलं. ह्यांच्या कंपनीत त्या वर्षी माणसं कमी करायची भाषा सुरू झाली होती आणि मुलगी दहावीत होती. “तुला वाटतंय ना, मग कर. टेन्शन घेऊ नको,” हे म्हणाले. जेवण होईपर्यंत तेच त्यांनी आणखी दोनदा म्हटलं. तेव्हा मला कळलं की टेन्शन कुणाला आलंय.

पण माझी खरी भीती वेगळीच होती आणि ती मला दुकानाच्या अगदी शेवटच्या दिवशी सापडली. नेहमीची एक गिऱ्हाईक निरोप घ्यायला आली होती. डोळे पुसत म्हणाली, “तुमाला काय हो ताई, रंग तर तुमच्या बोटांवर नाचतात. भराभर पुस्तकं रंगवाल तुमी.” मी हसले, आणि हसता हसता थांबले. रंग माझे होतेच कुठे? साडी तिची असायची. मी फक्त तिच्या रंगाला रंग जुळवायची. दहा वर्षांत मी स्वतः होऊन एकही रंग ठरवला नव्हता. माझ्या कपाटातल्या साड्यासुद्धा सगळ्या बदामी नाही तर राखाडी. दुकानात गिऱ्हाइकाच्या रंगाच्या मध्ये माझा रंग यायला नको, असं मी सगळ्यांना सांगायची. ते खरं कारण नव्हतं, हे मला त्या दिवशी समजलं, आणि तोवर दुकानाची किल्ली मालकाच्या खिशात गेली होती.

खिडकीपाशी टेबल लावलं. पहिल्या पुस्तकातलं पहिलं चित्र होतं, आईबरोबर बाजारात निघालेली मुलगी. रेषा एका सकाळीत उतरल्या. पण पाण्यात ब्रश बुडवला आणि हात पुढे जाईना. फ्रॉक कुठल्या रंगाचा? दिवस गेला. दुसरा गेला. आठवडा गेला. हे कामावरून आले की मी विचारायची, “फ्रॉक कुठला करू?” हे म्हणायचे, “निळा.” मी विचारायची, “का पण?” मग हे घाबरून म्हणायचे, “बरं, लाल कर.” सकाळी दार लागलं की मी घरात एकटी उरायची. आपण एक चांगलं चाललेलं दुकान मोडलं, आणि कशासाठी, तर आपल्याला जे येतच नाही त्यासाठी, हाच विचार भांडी घासताना, वरण फोडणीला टाकताना, सतत. दोनदा मी मालकाला फोन करायला शेजारी जाऊन परत आले. काय सांगणार होते, देव जाणे.

शेवटी मला जे येत होतं तेच मी केलं. खिडकीच्या पडद्याचा निळा रंग फ्रॉकला घेतला आणि त्याला बाकीचं सगळं जुळवलं. रिबन तीच, चपला त्याच, दप्तराचा पट्टा तोच. आईच्या साडीला ब्लाउज अगदी तंतोतंत, पर्सही तीच. काम भराभर झालं. मला फार हलकं वाटलं. चित्र गुंडाळून मी वाशीची बस पकडली.

संपादक बाईंनी चित्र टेबलावर पसरलं. बराच वेळ बघितलं आणि मग त्यांना हसूच फुटलं. “अहो, या गावात सगळ्यांचं सगळं मॅचिंग कसं? तुमच्या भाजीवाल्याचा शर्टसुद्धा वांग्यांना जुळतोय!”

मीही हसले. खरंच जुळत होता. मग त्यांचं हसू थांबलं. “रेषा तुमची आहे, लगेच ओळखू येते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “रंग कुणाचे आहेत तेच कळत नाही. हे असं नाही छापता येणार. पुढच्या सोमवारी नवीन करून आणा. नाही जमलं तर रेषा तुमच्या ठेवू आणि रंग दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ.” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजुतीने बोलल्या, आणि मी चित्र पुन्हा गुंडाळून घेतलं.

नेरूळला उतरले आणि पाय सवयीने दुकानाकडेच वळले. तिथे एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला होता, आणि माझ्या पायरीवर मावशी उभी होती.

ही मावशी आमच्या सेक्टरला लागून असलेल्या जुन्या गावातली. आगरी. सगळ्या बायका जुळणारा रंग मागायच्या आणि ही दर वेळी मुद्दाम न जुळणारा. हिरव्या साडीवर राणी, निळ्यावर केशरी. मी वाद घालायची. ती ऐकायची नाही, काउंटरवरून वाकून स्वतःच तागा ओढायची, आणि मी तोंड वाकडं करून कापड कापून द्यायची. आता ती माझ्यावरच खेकसली.

“कुटं गेलतीस गो? रईवारी पुतन्याचं लगीन हाय, आनि तू टालं लावून बसलीस?”

दुकान बंद झाल्याचं मी सांगितलं. तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “घरी काय उरलंसुरलं हाय का नाय?”

घरी ट्रंकेत उरलेले कटपीस होते. मावशी माझ्या मागोमाग तीन जिने चढून आली आणि तिने आपली वांगी रंगाची साडी माझ्या टेबलावर, त्या नापास चित्रावरच, टाकली. “कार.” म्हणजे, काढ कापड.

ट्रंक उघडली आणि माझा हात आपसूक वांगी पिसाकडे गेला. अगदी तोच रंग वरच होता. मी तो उचलला आणि परत ठेवला. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ट्रंकेच्या तळाशी एक गाजरी पीस होता. साडीच्या काठात तो रंग नव्हता, पदरात नव्हता, कुठेच नव्हता. तो मी तिच्यापुढे धरला. “हा घ्या, मावशी.”

“ह्यो?” तिने माझ्याकडे बघितलं, पिसाकडे बघितलं, तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. घडी करून पिशवीत टाकला. “लग्नाला ये,” म्हणाली आणि गेली.

मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. चाळिशीच्या बाईने, दहावीतल्या मुलीच्या आईने, सगळं त्या ब्लाउजवर टाकलं. मावशीने तो घातला आणि शोभला, तर आपल्याला रंग कळतो. नाही शोभला, तर सोमवारी बाईंना सांगायचं की भरून घ्या कुणाकडून तरी. चार दिवस मी ब्रशला हात लावला नाही. धड जेवले नाही. ह्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं.

रविवारी दुपारचं लग्न. मांडवाच्या टोकाला, बँडवाल्यांच्या मागे मी उभी राहिले, कुणाला दिसू नये अशी. गर्दीतून मावशी आली. वांगी साडी, केसांत भरगच्च गजरा, आणि ब्लाउज लालभडक.

माझा नव्हता. मी मागच्या मागे सटकायला वळले, पण तिने मला हेरलंच. दंडाला धरून सगळ्या बायकांच्या मधोमध उभी केली.

“तुजा रंग मना नाय बरा वाटला गो!” ती बँडच्या वरच्या पट्टीत म्हणाली. “गाजराचा रंग कोन घालतं या वयात? मी काय शालंतली पोर हाय?”

बायका खो खो हसल्या. मी जागच्या जागी थांबून राहिले. इतके आठवडे मी ज्याला घाबरत होते ते आता होणार होतं. मी निवडलेला रंग चारचौघांत चुकीचा ठरला होता. आता पुढे काय होतं याची मी वाट बघत होते, आणि काहीच झालं नाही. बँडवाल्यांनी नवीन गाणं धरलं. मावशीने दंड सोडला नाही. “जेवल्याबिगर जाशील तर बग,” म्हणाली आणि मला पंगतीत नेऊन बसवलं. मटण वाढलं, वर तीन वडे घातले, आणि मी नको म्हणायच्या आत चौथा. मी सगळं संपवलं. कितीतरी दिवसांनी मला कडकडून भूक लागली होती.

चार वाजता घरी आले तेव्हा खिडकीत भरपूर उजेड होता. नवीन कागद लावला, रेषा पुन्हा काढल्या. शाळेतली पोर, मी मनाशी म्हटलं, आणि फ्रॉक गाजरी केला. रिबन पोपटी केली. आईला निळी साडी आणि पिवळा ब्लाउज. भीती गेली होती असं अजिबात नाही. पण हात थांबत नव्हता.

सोमवारी संपादक बाई आपल्या खोलीत ट्यूबलाइटखाली चित्र उलगडायला लागल्या. “इथे नको,” मी म्हणाले. “उजेडात बघा.”

आम्ही बाहेर गॅलरीत आलो. खाली वाशीचा रस्ता वाहत होता. त्यांनी चित्र कठड्यापाशी धरलं, लांब केलं, पुन्हा जवळ आणलं.

“हा फ्रॉकचा रंग कुठून घेतलात?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दहा वर्षं तयार असायचं. अमकीच्या काठातून, तमकीच्या पदरातून. “कुठून नाही,” मी म्हणाले. “माझाच आहे.”

“फ्रॉक राहू दे,” त्या म्हणाल्या. “ही पोपटी रिबन मात्र मला काही पटत नाही.”

मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“रिबनही राहू द्या,” मी म्हणाले.